‘द सटल नाइफ’ हाती घेताना: त्रयीतलं मधलं पुस्तक न अडखळता कसं वाचावं

फिलिप पुलमन यांच्या त्रयीतलं पहिलं पुस्तक, ‘नॉर्दर्न लाइट्स’, संपवून मोठ्या उत्साहानं दुसरं, ‘द सटल नाइफ’, उघडावं, तर पहिल्या पानावर नायिका लायरा नसते. तिचा सोबती पॅन नाही, बर्फ नाही, चिलखती अस्वलं नाहीत. इंग्लंडमधल्या विंचेस्टर गावी, आपल्याच जगात, बारा वर्षांचा विल पॅरी मनाच्या दुखण्यानं बेजार झालेल्या आईला घेऊन आपल्या जुन्या पियानो शिक्षिकेच्या दारात उभा असतो. चुकीचं पुस्तक आलं की काय, म्हणून मुखपृष्ठ परत बघायची गरज नाही. पुस्तक बरोबर आहे, फक्त वाचायची रीत बदलावी लागते. पहिल्या पुस्तकात एका मुलीच्या मागोमाग चालत राहिलं की भागत होतं. इथं एकाच वेळी चार-पाच माणसं वेगवेगळ्या जगांत एकमेकांना शोधत फिरतात, आणि कोण कोणाला शोधतंय याचा हिशेब आपल्यालाच ठेवावा लागतो. तो ठेवला तर हे तिन्हींतलं सगळ्यात वेगवान पुस्तक आहे.

स्पॉयलरबद्दल आधीच सांगून ठेवतो: पहिल्या पुस्तकाचा शेवट या लेखात उघड केला आहे. दुसऱ्याचा केलेला नाही. त्यातली पात्रं, ठिकाणं आणि प्रकरणांची रचना येईल, रहस्यं येणार नाहीत.

हाताशी काय असावं

- फिलिप पुलमन यांच्या ‘हिज डार्क मटीरियल्स’ची तिन्ही पुस्तकं: ‘नॉर्दर्न लाइट्स’ (१९९५), ‘द सटल नाइफ’ (१९९७), ‘द अँबर स्पायग्लास’ (२०००). तिसरं आत्ताच का लागतं, ते पायरी ८ मध्ये.
- वहीचं एक जोडपान आणि पेन्सिल.
- फोनवर ऑक्सफर्ड शहराचा नकाशा.
- बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाचा तिसरा अध्याय, मराठीतला चालेल. जेमतेम २४ ओव्या, दहा मिनिटांचं काम.
- वेळ: पुस्तक सुमारे ३४० पानांचं, १५ प्रकरणांचं. इंग्रजी सवयीची असली तरी मातृभाषा नसेल, तर तासाला पंचवीस-तीस पानं धरा. म्हणजे बारा ते चौदा तास.

## १. आवृत्ती नीट बघून घ्या

पहिला घोळ नावांचा. अमेरिकेत पहिलं पुस्तक ‘द गोल्डन कंपस’ या नावानं निघालं. ते आणि ‘नॉर्दर्न लाइट्स’ एकच आहे. दोन्ही विकत घेऊन बसलेले वाचक दर वर्षी भेटतात. दुसऱ्या आणि तिसऱ्याचं नाव मात्र दोन्हीकडे सारखंच आहे. पहिलं अमेरिकी आणि दुसरं ब्रिटिश आवृत्तीतलं असलं तरी कथेत अडत नाही, काही शब्दांचं स्पेलिंग तेवढं बदलतं. तिसऱ्याच्या बाबतीत निवड असेल तर ब्रिटिश मजकूर घ्या, कारण पहिल्या अमेरिकी आवृत्तीत लायराच्या वयात येण्याविषयीची काही वाक्यं गाळली होती.

‘द सटल नाइफ’च्या काही आवृत्त्यांत पानाच्या समासात छोटी चिन्हं छापलेली असतात. प्रसंग कुठल्या जगात चालू आहे, ते त्यावरून कळतं. तुमच्या प्रतीत ती असतील तर उत्तम, नसतील तर पायरी ३ मधली वही तेच काम करते. सुरुवातीला लेखकाची दोन-चार ओळींची टीप असते, पुस्तक किती जगांत घडतं ते सांगणारी. ती ओलांडून पुढे जाऊ नका.

फुटपाथवर मिळणाऱ्या नकली प्रतींपासून सावध राहा. पुसट छपाई, उलटसुलट लागलेली पानं हे तर असतंच, पण या पुस्तकात जग बदलताना मजकुरात सोडलेली एक रिकामी ओळ फार महत्त्वाची असते आणि नकली प्रतीत नेमकी तीच गायब होते. मग विल विंचेस्टरमध्ये आहे की आणखी कुठे, याचा पत्ता लागत नाही. तिन्ही पुस्तकं एकत्र असलेला खंड स्वस्त पडतो, पण हजारावर पानांचं ते धूड लोकलमध्ये उभ्यानं वाचता येत नाही.

ईबुक वाचणार असाल तर पात्रांची माहिती दाखवणारी सोय बंद करा. नावावर बोट टेकलं आणि त्या माणसाची खरी ओळख समोर आली, असं या पुस्तकात व्हायला नको. इथं एकाहून जास्त माणसं दोन नावांनी वावरतात.

## २. पहिल्या पुस्तकाची शेवटची तीन प्रकरणं पुन्हा वाचा

सगळं पुस्तक परत वाचायची गरज नाही. ‘नॉर्दर्न लाइट्स’च्या २३ प्रकरणांपैकी २१, २२ आणि २३ एवढीच, तासा-दीड तासात होतात. यातून चार गोष्टी पक्क्या करा.

एक: लायराचा बाप लॉर्ड अझ्रिएल यानं तिचा मित्र रॉजर याला त्याच्या डीमनपासून, म्हणजे प्राण्याच्या रूपात सोबत असणाऱ्या आत्म्यापासून, तोडलं, त्यातून सुटलेली शक्ती वापरून ध्रुवीय प्रकाशातून दुसऱ्या जगात जाणारी वाट उघडली, आणि रॉजर मेला. त्याला तिथवर नेलं लायरानंच, नकळत. ही बोच दुसऱ्या पुस्तकात तिच्या वागण्यामागे सतत असते.

दोन: लायराची आई मिसेस कोल्टर अझ्रिएलबरोबर गेली नाही, मागे राहिली.

तीन: ‘डस्ट’ नावाची गूढ कणांची धूळ वाईट असते असं सगळी मोठी माणसं सांगतात, आणि ही मोठी माणसंच भयंकर वागतात. तर मग डस्ट चांगलीही असू शकेल, अशा तर्काला लायरा आणि पॅन पोचले. दुसऱ्या पुस्तकात लायरा काय शोधते आहे, ते या एका तर्कात आहे.

चार: ली स्कोर्स्बी हा टेक्ससचा, हवाई फुगा चालवणारा वैमानिक आणि सेराफिना पेक्काला ही चेटकिणींची राणी, दोघं लायरापासून दुरावले.

इथला मोठा सापळा म्हणजे २००७ चा चित्रपट. त्यात नेमकी ही तीन प्रकरणं नाहीत. कथा त्याआधीच थांबते, सगळं आलबेल आहे अशा सुरावर. त्या चित्रपटाचा पुढचा भाग आलाच नाही. म्हणून ‘सिनेमा पाहिलाय, आता थेट दुसरं पुस्तक’ हा बेत फसतो: रॉजर कुठे गेला, लायरा एकटी का, काहीच कळत नाही.

२०१९ ते २०२२ मध्ये आलेल्या मालिकेचं उलटं आहे. तिच्या पहिल्याच हंगामात विल पॅरी आणि आपलं जग येऊन जातं, म्हणजे दुसऱ्या पुस्तकातली सामग्री आधीच वापरलेली आहे. मालिका पाहिलेल्याला पहिल्या प्रकरणाचा धक्का बसणार नाही, पण घटनांचा क्रम पुस्तकात वेगळा आहे हे ध्यानात ठेवावं. मालिका अजून पाहिली नसेल तर तशीच ठेवा. दुसरा हंगाम सात भागांचा आहे, पुस्तकानंतर पाहायला छान वाटतो.

## ३. वहीत तीन रकाने आणि बाण

जोडपानावर तीन रकाने आखा: ‘लायराचं जग’, ‘आपलं जग’, ‘चित्तागात्से’. हे तिसरं म्हणजे समुद्रकाठचं, दक्षिण युरोपच्या धाटणीचं एक शहर. तिथं रस्त्यावर मोठं माणूस दिसत नाही, फक्त मुलं. का, ते पुस्तक सांगेल.

प्रत्येक प्रकरणानंतर दोनच गोष्टी लिहा: कोण कुठल्या रकान्यात आहे, आणि ते कोणाला किंवा कशाला शोधतंय. शोधणाऱ्यापासून शोधलेल्याकडे बाण काढा. सुरुवातीचे बाण देऊन ठेवतो:

- विल → वडील, जॉन पॅरी. विल तान्हा असताना अलास्कातल्या मोहिमेत बेपत्ता झालेले.
- लायरा → डस्ट.
- ली स्कोर्स्बी → स्टॅनिस्लाउस ग्रुमन नावाचा संशोधक.
- सेराफिना → लायरा.
- मिसेस कोल्टर → लायरा.
- काही अनोळखी माणसं → विलच्या घरातली हिरव्या चामड्याची पेटी, पत्रांची.

पुढे बाण वाढतील, काही वळतील, काही एकमेकांना छेदतील. मधल्या पुस्तकाचं सगळं यंत्र या बाणांवर चालतं. कथेला स्वतःची स्वतंत्र सुरुवात नाही आणि शेवटही नाही. तरी ती सैल पडत नाही, कारण प्रत्येक जण कशाच्या तरी मागे आहे. सारांश लिहीत बसू नका. सारांश लिहिणारे तिसऱ्या प्रकरणाला कंटाळतात आणि वही सोडून देतात. बाण काढायला मिनिटही लागत नाही.

लॉर्ड अझ्रिएलच्या नावानं मात्र रकान्यात जागा अडवू नका. या पुस्तकात तो स्वतः एकदाही समोर येत नाही, त्याच्याविषयी फक्त ऐकू येतं. योरेक बर्निसन या अस्वलाच्या चाहत्यांनीही धीर धरावा, त्याची वेळ तिसऱ्या पुस्तकात आहे.

## ४. पहिलं प्रकरण एका बैठकीत

हे प्रकरण अर्ध्यावर ठेवू नका. विल घर का सोडतो, ऑक्सफर्डला कसा पोचतो आणि त्या शहराच्या उत्तर टोकाला हॉर्नबीमच्या झाडांखाली एक मांजर काय करते, हे सलग वाचलं तरच पुस्तकाची पकड बसते. तासभर द्या.

वाचताना एका गोष्टीवर लक्ष ठेवा: विल कसा वावरतो. दुकानात, रस्त्यावर, पोलिसांसमोर तो नजरेत न भरण्याची काळजी घेतो, कारण आईचं दुखणं लोकांपासून लपवत वाढलेलं ते मूल आहे. लायरा याच्या बरोबर उलट, थापा मारून सगळ्यांचं लक्ष वेधून घेणारी. लेखकानं मुद्दाम अशी जोडी जमवली आहे. विल लायरापेक्षा फिका वाटतो, ही तक्रार साधारण पाचव्या प्रकरणापर्यंत टिकते, नंतर नाही.

आणखी एक: आपल्या जगातल्या माणसांना दिसणारा डीमन नसतो. लायरा विलला पहिल्यांदा पाहते तेव्हा तिला कसलं भय वाटतं, ते समजायला पहिल्या पुस्तकातला नियम आठवावा लागतो. डीमन म्हणजे प्राण्याच्या रूपात बाहेर वावरणारा आत्मा. मुलांचा रूपं बदलतो, वयात आल्यावर एका रूपात स्थिरावतो, आणि दुसऱ्याच्या डीमनला हात लावणं निषिद्ध. हा शेवटचा नियम लक्षात ठेवाच.

## ५. दुसरं प्रकरण: इथंच पुस्तकं मिटली जातात

पहिल्या प्रकरणानं विल आणि लायराची गोडी लावली की दुसरं सरळ चेटकिणींकडे उडी मारतं. प्रकरण लांब आहे, नावं भराभर येतात, फिनलंड-रशियाकडच्या वळणाची: सेराफिना पेक्काला, रूटा स्काडी, लेना फेल्ट, युटा कामायनेन. शिवाय अझ्रिएलचा नोकर थोरोल्ड, चर्चची मंडळी, वैमानिक ली. नावं डोक्यात ठेवायचा प्रयत्न केला की दमछाक होते.

तीनच धरा: सेराफिना, रूटा, ली. बाकीची माणसं आली की पुस्तक पुन्हा ओळख करून देतं. या प्रकरणातून तुम्हाला तीन उत्तरं मिळायला हवीत: अझ्रिएल नेमका कोणाविरुद्ध उठला आहे याबद्दल थोरोल्डचा अंदाज काय, लायराबद्दल चेटकिणींमध्ये काय बोललं जातं, ली कुठल्या कामावर निघतो. ती सापडली नाहीत तर प्रकरण पुन्हा चाळा. ती नसताना पुढे गेलात तर सहाव्या प्रकरणात परत अडाल.

मोठ्यांचा हा धागा प्रकरण २, ६, १० आणि १४ मध्ये येतो, दर चार प्रकरणांनी. विल-लायराच्या ओढीनं तो वगळून पुढे जायचा मोह होतो, आणि हीच या पुस्तकातली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. अकराव्यापासून धागे एकमेकांत शिरायला लागतात. चौदाव्या प्रकरणात पुस्तकातला सगळ्यात जबरदस्त प्रसंग आहे. त्याची सगळी ताकद सहाव्या आणि दहाव्यानं जमवलेली असते. ते वगळलेल्याला तिथं नुसता गोळीबार दिसतो.

## ६. अडणारे शब्द, आणि न शोधायचे शब्द

पुलमन यांनी लायराच्या जगासाठी इंग्रजीच थोडी वळवून घेतली आहे, त्यामुळे बरेच शब्द शब्दकोशात मिळत नाहीत. नेहमी लागणारे एवढे:

- ॲनबॅरिक: विजेचं. ॲनबॅरिक दिवा म्हणजे साधा विजेचा दिवा.
- चॉकोलॅटल: चॉकलेटचं गरम पेय.
- फोटोग्रॅम: छायाचित्र.
- एक्सपेरिमेंटल थिऑलॉजी: आपल्याकडच्या भौतिकशास्त्राचा भाऊ. चर्चच्या राज्यात विज्ञानाचं हे नाव.
- मॅजिस्टेरियम: चर्चची सत्तायंत्रणा. लायराच्या इतिहासात कॅल्व्हिन हा सुधारक पोप झाला आणि पोपची गादी जिनीव्हाला हलली. त्याच्यामागे पोपपदच संपलं आणि समित्या उरल्या. आपल्या इतिहासातला कॅल्व्हिन पोपच्या विरोधात उभा राहिलेला होता, ही त्यातली गंमत.
- जिप्शियन: कालव्यांतल्या होड्यांवर राहणारे लोक. या पुस्तकात आठवणीपुरते.

अलीथिऑमीटरची रचना आठवत नसेल तर: तबकडीवर ३६ चिन्हं, तीन काटे हातानं फिरवून प्रश्न मांडायचा, चौथी सुई आपणहून फिरत उत्तर देते. प्रत्येक चिन्हाला अर्थांचे थर असतात. उत्तराची फोड तुम्ही करायला जाऊ नका, लायरा सांगेल तेवढं पुरतं. तिनं विचारलेला प्रश्न मात्र नीट वाचा. काय विचारलं आणि काय विचारायचं राहिलं, यावर या पुस्तकात बरंच काही ठरतं.

‘स्पेक्टर’, ‘शॅडो’, ‘एसाहेट्र’, ‘जोपारी’ असे शब्द अर्थ न सांगता समोर येतील. ते नेटवर शोधू नका. पूर्ण शब्द लिहायच्या आतच शोधयंत्र सुचवण्यांत शेवट सांगून टाकतं. वहीच्या कोपऱ्यात शब्द आणि पानाचा आकडा लिहा. प्रत्येकाचं उत्तर पुस्तकातच आहे, एखाद्याला दहा प्रकरणं थांबावं लागतं इतकंच.

## ७. ऑक्सफर्ड, कृष्णद्रव्य आणि आदाम-एवा

प्रकरण ३ च्या शेवटाकडे मुलं आपल्या ऑक्सफर्डकडे वळतात, आणि इथून नकाशा कामाला येतो. सन्डरलँड ॲव्हेन्यू हा शहराच्या उत्तरेचा खरा रस्ता आहे. हेडिंग्टन हे पूर्वेचं उपनगर खरं. लायरा ज्या संग्रहालयात शिरते ते पिट रिव्हर्सही खरं. १८८४ साली स्थापन झालेलं, निसर्गविज्ञान संग्रहालयातून आत जावं लागणारं. तिथं वस्तू देशवार मांडत नाहीत, प्रकारानं मांडतात: सगळ्या जगातले मुखवटे एकत्र, सगळीकडची हत्यारं एकत्र. चौथ्या प्रकरणातलं कवट्यांचं कपाट वाचताना ही मांडणी डोळ्यांसमोर असू द्या. ऑक्सफर्डचे नकाशे बघताना बोटॅनिक गार्डन आणि या त्रयीचा संबंध सांगणारं काही दिसलं तर मात्र पान तिथंच बंद करा.

याच प्रकरणात डॉ. मेरी मलोन भेटते, डार्क मॅटरवर म्हणजे कृष्णद्रव्यावर काम करणारी शास्त्रज्ञ. हे लेखकानं कल्पनेतून काढलेलं खूळ नव्हे. दीर्घिकांच्या समूहाला बांधून ठेवायला दिसणारं वस्तुमान पुरत नाही, हे फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये मांडलं. १९७० च्या दशकात व्हेरा रूबिन यांच्या निरीक्षणांनी त्याला बळ दिलं. ते द्रव्य कशाचं बनलंय, हे अजूनही ठरलेलं नाही. तेवढी रिकामी जागा पुलमन यांना पुरली. प्रयोगशाळेतलं संभाषण सावकाश वाचा आणि लायराच्या रकान्यात जिथं ‘डस्ट’ लिहिलंय, त्याच्या शेजारी मेरीचे शब्द लिहून ठेवा. जोडणी पुढे पुस्तकच करतं.

तिथंच मेरी कवी कीट्सच्या १८१७ च्या पत्रातली एक ओळ वाचून दाखवते. शंका, गूढ, अनिश्चितता यांत हातघाई न करता राहता येणं, असा त्या ओळीचा आशय. ती ओळ मशीनच्या संदर्भात येते खरी, पण दुसऱ्या पुस्तकाच्या वाचकालाही चपखल लागू पडते.

ख्रिस्ती कथांशी फारसा परिचय नसलेल्यांनी प्रकरण ६ च्या आधी ‘उत्पत्ती’चा तिसरा अध्याय वाचावा: बाग, साप, निषिद्ध फळ, हकालपट्टी. देवाविरुद्ध देवदूतांचं बंड, ही दुसरी कथा मिल्टनच्या १६६७ च्या ‘पॅरडाइज लॉस्ट’मधून येते. त्रयीचं नावही त्याच काव्यातल्या शब्दांवरून घेतलेलं आहे. मिल्टन वाचायची गरज नाही, बंड झालं आणि बंडखोर हरले एवढं पुरे. मराठीला आदाम-एवेची कथा तशी नवीन नाही. गोव्यात १६१६ साली छापलेल्या फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’त ती ओव्यांमध्ये आहे, मिल्टनच्या अर्धशतक आधी. पुलमन या कथेकडे उलट्या बाजूनं बघतात. मूळ कथा ठाऊक असेल तरच ती उलट बाजू जाणवते.

## ८. कुठे थांबायचं, कुठे नाही

सुट्टीत वाचणार असाल तर तीन टप्पे करा: प्रकरण १ ते ५, ६ ते ९, १० ते १५. पाचव्यानंतर आणि नवव्यानंतर थांबायला बऱ्या जागा आहेत. नवव्यानंतर पाच मिनिटं काढून बाण तपासा. तोवर तीन-चार बाण एकाच दिशेला वळलेले दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर सहावं प्रकरण चाळून या, बहुधा तिथं काहीतरी निसटलेलं असतं.

रोज थोडं वाचणाऱ्यांनी दिवसाला एक प्रकरण घ्यावं, बाराव्या प्रकरणापर्यंत. १३, १४ आणि १५ एकत्र वाचा. चौदाव्यानंतर झोप नीट लागत नाही, आणि पंधरावं त्यानंतर लगेच वाचण्यासाठीच लिहिलेलं आहे.

आता तिसरं पुस्तक आधीच का हवं ते. पंधरावं प्रकरण संपतं म्हणजे कथा तुटते, अक्षरशः मध्येच. हे वाचकाला फसवणं नाही, त्रयीचा मधला भाग असाच असतो. पण शनिवारी रात्री अकराला तिथं पोचलात आणि तिसरं घरात नसलं, की माणूस नेटवर ‘पुढे काय झालं’ शोधतो आणि तीन वर्षं खपून लिहिलेल्या पुस्तकाचा शेवट दोन ओळींत वाचून बसतो. वाचनालयाचं सभासदत्व असेल तर दहाव्या प्रकरणाला आलात की तिसऱ्यासाठी नाव नोंदवून ठेवा.

ऐकून वाचणाऱ्यांसाठी: लेखकानं स्वतः निवेदन केलेली, पात्रांसाठी वेगवेगळे नट असलेली ध्वनिमुद्रित आवृत्ती आहे, आणि नावांचे उच्चार पक्के करायला तिच्यासारखं साधन नाही. मात्र जग बदललं हे ऐकताना चटकन कळत नाही. पहिली पाच प्रकरणं डोळ्यांनी वाचा, मग ऐका.

## ९. मुलासाठी घेत असाल तर

अकरा-बाराव्या वर्षापासून वाचता येतं, पण पहिल्या पुस्तकापेक्षा हे जास्त कठोर आहे. आधी तुम्ही स्वतः चाळा, निदान हे भाग: प्रकरण २ मध्ये जहाजावर एका चेटकिणीचा छळ होतो. चित्तागात्सेमधली मुलं एका मांजरीच्या जिवावर उठतात. प्रकरण ८ मध्ये विलला कायमची शारीरिक इजा होते आणि जखमेचं वर्णन पुढे बरीच पानं चालू राहतं. शेवटच्या दोन प्रकरणांत मृत्यू आहेत, वाचकाला आवडत्या झालेल्या माणसांचेही. आणि विलच्या आईचं मानसिक दुखणं. घरात कोणी अशा त्रासातून जात असेल तर मूल ते वाचून गप्प होऊ शकतं. बोलायला जवळ असा.

धर्मसंस्थेवर टीका आहे, ती आडून नाही, सरळ आहे. २००७ च्या चित्रपटावर अमेरिकेतल्या एका कॅथलिक संघटनेनं बहिष्काराचं आवाहन केलं होतं. ख्रिस्ती कुटुंबातल्या मुलांशी यावर मोकळेपणानं बोलावं. लपवून ठेवल्यानं पुस्तक जास्त वाचलं जातं, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

मुलाला वही आणि बाण द्या, प्रश्नपत्रिका देऊ नका.

## १०. संपल्यावर लगेच काय, आणि काय नाही

सरळ ‘द अँबर स्पायग्लास’. मध्ये दुसरं काही नको. ऑनलाइन दुकानं ‘हेही वाचा’ म्हणून इतर पुस्तकं पुढे करतात, त्यांचा क्रम असा: ‘वन्स अपॉन अ टाइम इन द नॉर्थ’ (२००८) आणि ‘लायराज ऑक्सफर्ड’ (२००३) ही छोटी पुस्तकं त्रयी पूर्ण झाल्यावर. ‘ला बेल सोव्हाज’ (२०१७) लायरा तान्ही असतानाची कथा सांगतं, म्हणून काही जण ते सगळ्यात आधी वाचायला सुचवतात. तसं करू नका, त्याची मजा त्रयी माहीत असल्यावर आहे. ‘द सीक्रेट कॉमनवेल्थ’ (२०१९) तर आत्ता उघडूही नका. त्यात लायरा विशीची आहे, आणि तिसऱ्या पुस्तकात काय झालं ते पहिल्या काही पानांत कळून जातं.

बाणांची वही टाकू नका, तिसऱ्या पुस्तकात ३८ प्रकरणं आहेत आणि रकाने वाढवावे लागतात. त्याच्या सुरुवातीच्या काही प्रकरणांनंतर छोटे उतारे येतात. ते वाक्याच्या मध्येच तुटतात आणि पुढच्या उताऱ्यात तिथूनच सुरू होतात. प्रत सदोष आहे असं समजून दुकानात परत नेऊ नका, ते मुद्दाम तसं छापलेलं आहे.